टॉवर नावाची कंपनी नव्हती, भाऊ

आपल्या विदर्भात जुन्या मालगुजाराच्या घरी ठासणीची बंदूक असली की तिच्यासोबत एक गोष्ट येतेच, अन् ती गोष्ट बंदुकीपेक्षा वजनदार असते. आमच्याकडची काकांच्या लायसन्सवर आहे. लहानपणापासून ऐकत आलो की ही "टॉवर कंपनीची" आहे आणि खापरपणजोबांनी सीताबर्डीच्या लढाईत इंग्रजाच्या हातातून हिसकावली. लायसन्सच्या पुस्तकातही मेकसमोर "टॉवर" लिहिलंय, बाबूनं जे दिसलं ते उतरवलं असेल, त्याचं तरी काय चुकलं.

आता नीट पाहा. घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, खाली व्हीआर, आणि पुढं टॉवर १८५६. व्हीआर म्हणजे राणी व्हिक्टोरिया, टॉवर म्हणजे लंडनचा तो किल्ला जिथं सरकारी शस्त्रांची तपासणी व्हायची. हा सरकारचा शिक्का झाला, कारागिराचं नाव नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा माल असता तर तिथं मुकुट धरलेला सिंह दिसला असता. आणि सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरातली, म्हणजे ही बंदूक बनायच्या ३९ वर्षं आधी संपलेली. शिवाय हिला टोपी लागते, म्हणजे घोडा आपटला की फुटून दारू पेटवणारी धातूची छोटी टोपी; सीताबर्डीला जे लढले त्यांच्या हातात चकमकीच्या नाहीतर तोड्याच्या बंदुका होत्या.

मॉडेल ओळखणं सोपं होतं. ३९ इंचाची नळी, तीन कड्या, तोंडाशी साधारण ०.५७७ इंचाचं भोक, म्हणजे १८५३ ची एनफिल्ड, काडतुसांवरून १८५७ पेटलं तीच. पण इथं एक फसगत होते. उठावानंतर देशी शिपायांच्या हाती रायफल द्यायला इंग्रज कचरले, त्यांच्यासाठी दिसायला अशीच पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक काढली. म्हणून तोंडातून टॉर्च मारून आटे, म्हणजे रायफलच्या नळीत आतून पिळासारख्या फिरलेल्या खाचा, आहेत का ते पाहायचे. आमच्या नळीत तीन खाचा आहेत, झिजल्यात पण आहेत. आणि हो, टॉर्चच्याही आधी दारू ठासायचा गज आत टाकून किती जातो ते बाहेरून नळीला लावून मोजा, कारण शंभर वर्षांपूर्वी ठासलेली दारू अजून आत असू शकते, हे मी मस्करीत सांगत नाहीये.

खरी मजा लॉक, म्हणजे घोडा अन् त्याची स्प्रिंग बसवलेली यंत्रणा, उतरवल्यावर. काकांनी लायसन्सवाल्या जुन्या मिस्त्रीला घरी बोलावलं, त्यानं घोडा अर्धा चढवला, दोन स्क्रू सैल केले आणि हलक्या हातानं ठोकत पूर्ण लॉक बाहेर काढलं. आतल्या बाजूला, जिथं कोणाचा कपडा कधी फिरला नव्हता, बारीक अक्षरांत नाव निघालं: ब्रेझियर. वुल्व्हरहॅम्प्टनचा लॉक बनवणारा. काका खूश, झालं म्हणे, सापडला मेकर. पण बाप्पा, तो फक्त लॉकचा! त्या काळी बर्मिंगहॅमकडची बंदूक एका माणसाची नसायचीच. लॉक एकाचं, नळी दुसऱ्याची, लाकूड तिसऱ्याचं, आणि सरकारशी करार केलेला चौथा ते सगळं जुळवून द्यायचा. पार्ट एकमेकांना हातानं घासून बसवलेले, म्हणून नळीच्या खाली आणि स्क्रूवर जोडणीच्या खुणा असतात, एका बंदुकीच्या सगळ्या पार्टवर त्याच खुणा. मशीनवर बनलेले, कुठलाही पार्ट कुठंही बसेल असे, ते एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातले, त्यांच्या पट्टीवर एनफिल्डच लिहिलेलं असतं.

त्या चौथ्याचं नाव दस्त्याच्या लाकडावर ठोकलेलं असायचं आणि इथंच माझा जीव जळतो. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी एका सुताराकडून दस्ता सँडपेपर मारून चकाचक पॉलिश करून घेतला होता, खंडेनवमीच्या पूजेत फोटो छान आला पाहिजे म्हणून. आता तिरपा उजेड पाडला तर "हॉलि" एवढं वाचता येतं. हॉलिस अँड शीथ नावाचे बर्मिंगहॅमचे कंत्राटदार होते, बहुतेक तेच, पण कोर्टात टिकेल असा पुरावा आम्हीच घासून टाकला. जुन्या लाकडावरचा मळ, तेलाचे डाग, लोखंडाचा काळपट रंग, हे सगळं त्या वस्तूचं आधारकार्ड आहे आणि आपण ते हौसेनं ब्रासोनं पुसतो. कुंकू लावा, झेंडू वाहा, पण पॉलिश काहून करता? नागपुरात कोणाकडं अशी असेल तर आधी प्रत्येक शिक्क्याचा जवळून फोटो काढा, तिरप्या उजेडात, नळीच्या खालच्या बाजूचासुद्धा.

अँटिक आहे, लायसन्स लागत नाही म्हणणारे पण खूप भेटतात. आर्म्स ॲक्टच्या कलम ४५ मधली सूट अशा जुन्या हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही चालणार नाही. आमची चालू शकते, म्हणून इलेक्शन आलं की काका तिला ठाण्यात जमा करायला नेतात, अगदी पाहुणी सोडायला गेल्यासारखे.

हे सगळं मी जेवताना समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. परवा पाहुणे आले तर त्यांना सांगत होते, "सीताबर्डीत हिसकावलेली आहे, पण बरं का, ओरिजिनल बर्मिंगहॅमची."