वीज कंपनी निवडण्याचा हक्क बिल भरणाऱ्याचा आहे

ब्रिटनमध्ये शिकायला येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सप्टेंबरच्या सुमारास एक संदेश हमखास फिरतो. त्याचा आशय असा: भाड्याच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वीज कंपनी बदलता येत नाही, तो अधिकार घरमालकाचा असतो, बदलायला गेल्यास वीज खंडित होते आणि मीटर नवे बसवावे लागते, घरमालक अनामत रक्कम जप्त करतो, आणि वर्षभराच्याच मुक्कामासाठी हा खटाटोप करण्याऐवजी जे चालू आहे ते चालू द्यावे, कोणाला काही कळवू नये. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु त्यातील बहुतेक विधाने चुकीची आहेत आणि शेवटचा सल्ला तर उघड नुकसान करणारा आहे.

पहिला मुद्दा अधिकाराचा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स येथील वीज व गॅस बाजाराची नियामक संस्था ऑफजेम आहे आणि तिची भूमिका स्पष्ट आहे: वीज कंपनीला बिल थेट जो भरतो, त्याला कंपनी निवडण्याचा हक्क आहे, मग तो घराचा मालक असो वा भाडेकरू. बिल घरमालकाच्या नावावर असेल आणि विजेचा खर्च भाड्यातच धरलेला असेल, तर निवड घरमालकाची. विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या वसतिगृहवजा इमारतींमध्ये बहुधा अशीच व्यवस्था असते, आणि हा गैरसमज बहुधा तिथूनच पसरला असावा; एका प्रकारच्या घरांना लागू असलेली गोष्ट सगळ्याच घरांना लावली गेली. घरमालक स्वतः वीज विकत घेऊन वापरानुसार भाडेकरूंकडून वेगळे पैसे घेत असेल, तर त्याने स्वतः कंपनीला दिलेल्या दरापेक्षा जास्त दर लावू नये, असाही नियम आहे, आणि त्याचे मूळ बिल दाखवण्याची विनंती करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

काही भाडेकरारांमध्ये ठरावीक कंपनीचे नाव लिहिलेले असते. बिल भाडेकरूच्या नावावर असेल, तर अशा कलमामुळे कंपनी बदलण्याचा हक्क संपत नाही, परंतु घर सोडताना खाते मूळ कंपनीकडे परत न्यावे लागू शकते. म्हणून करार आधी वाचावा आणि बदल करण्यापूर्वी घरमालकाला लेखी कळवावे. परवानगी मागण्यासाठी नव्हे, तर पुढे वाद उद्भवू नये यासाठी.

वीज खंडित होण्याची भीती मुंबईच्या उपनगरांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी तरी बाळगू नये. २००९ नंतर तेथील असंख्य ग्राहकांनी रिलायन्सच्या, म्हणजे आताच्या अदाणीच्या, तारांवरूनच टाटाची वीज घेतली. तारा त्याच राहिल्या, बिल पाठवणारी कंपनी तेवढी बदलली. ब्रिटनमध्ये हीच विभागणी देशभर आहे. लंडनच्या बहुतांश भागातील तारा यूके पॉवर नेटवर्क्सच्या, तर लेस्टरमधील तारा नॅशनल ग्रिडच्या वितरण कंपनीच्या ताब्यात आहेत, आणि तुम्ही कोणाचेही ग्राहक असलात तरी वीज गेल्यावर दूरध्वनी १०५ या एकाच क्रमांकावर करायचा असतो. कंपनी बदलताना कोणी तारेला हात लावत नाही, मीटरही तेच राहते. जुलै २०२२ पासून ही प्रक्रिया साधारणपणे कामकाजाच्या पाच दिवसांत पूर्ण होते आणि विचार बदलल्यास १४ दिवसांत माघार घेता येते. नवी कंपनी बुडाली तर काय, हा प्रश्न रास्त आहे, कारण २०२१ मध्ये अनेक लहान कंपन्या खरोखरच बुडाल्या; परंतु तेव्हाही त्यांच्या ग्राहकांचा पुरवठा थांबला नाही, ऑफजेमने त्यांना दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवले आणि घरगुती ग्राहकांची खात्यातील शिल्लकही सुरक्षित राहिली.

अनामत रकमेविषयीचा दावाही असाच निराधार आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये नेहमीच्या भाडेकरारातील अनामत रक्कम मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत नोंदवणे घरमालकावर २००७ पासून बंधनकारक आहे. वजावट करायची असल्यास प्रत्यक्ष नुकसान दाखवण्याची जबाबदारी त्याची असते, आणि वाद झाल्यास योजनेमार्फत विनामूल्य निवाडा मागता येतो. केवळ बिल पाठवणाऱ्या कंपनीचे नाव बदलले, यात घराचे नुकसान कोणते? मीटरचा प्रकार बदलणे ही मात्र वेगळी बाब आहे. आगाऊ पैसे भरण्याचे मीटर काढून साधे मीटर बसवायचे असल्यास घरमालकाची संमती आधी घ्यावी.

वर्षभराच्या मुक्कामासाठी खटाटोप कशाला, या प्रश्नात थोडे तथ्य आहे. मुदतबंद दराच्या करारातून मध्येच बाहेर पडल्यास शुल्क द्यावे लागू शकते, मात्र मुदतीच्या शेवटच्या ४९ दिवसांत ते घेता येत नाही. म्हणून दहा महिन्यांच्या भाडेकराराला बाहेर पडण्याचे शुल्क नसलेला दर अधिक सोयीचा. पण घरात पाऊल ठेवल्यावर आपोआप लागू होणारा दर सोडून जायला मुळात कोणतेच शुल्क नसते, हे त्या संदेशात कुठेही सांगितलेले नाही. ऑफजेमने किमतीला मर्यादा घातली आहे, मग सगळीकडे सारखेच, असेही काहीजण म्हणतात. ती मर्यादा प्रतियुनिट दरावर आणि स्थिर आकारावर आहे, एकूण बिलावर नाही, आणि तिच्यापेक्षा कमी दर देण्यास कंपन्या मोकळ्या आहेत. चार-पाच जणांच्या घरात हिवाळाभर विजेवर चालणारे हीटर असतील, तर दरातील लहानसा फरकही दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही.

राहिला ‘कोणाला काही कळवू नये’ हा सल्ला. विजेचा खर्च भाड्यात धरलेला नसेल, तर घराचा ताबा मिळाल्या दिवसापासून विजेची जबाबदारी तुमची असते, कंपनीला तुमचे नाव माहीत असो वा नसो. नाव कळवले नाही, तर बिल ‘घरातील रहिवासी’ असा पत्ता लिहून येत राहते आणि कोणी ते उघडत नाही. मग सुरुवातीच्या रीडिंगचा पुरावा नसल्याने आधीच्या भाडेकरूने जाळलेले युनिटही तुमच्या माथी येऊ शकतात. आगाऊ पैशांच्या मीटरमध्ये धोका आणखी वाढतो, कारण जुन्या रहिवाशाची थकबाकी वसूल करण्याची सोय मीटरमध्ये तशीच चालू राहिलेली असू शकते, आणि तुम्ही भरलेल्या प्रत्येक रकमेतून तिचा हप्ता कापला जातो. ती थकबाकी तुमची नाही, पण ते सांगावे तुम्हालाच लागते. त्यामुळे किल्ली हातात आल्याबरोबर, सामान उघडण्याच्याही आधी, मीटरचे तारीख दिसेल असे छायाचित्र काढावे, सध्याच्या कंपनीला रीडिंग, ताब्याची तारीख आणि घरातील सर्वांची नावे कळवावीत, आणि नंतरच दरांची तुलना करायला बसावे. घर सोडतानाही तेच छायाचित्र पुन्हा काढावे आणि शेवटचे बिल कोणत्या पत्त्यावर पाठवायचे ते कळवूनच निघावे.