५८ तर ५८, नाही फोडणार!

आज दुपारी एक मित्र घरी आला होता, तोही नाण्यांमधलाच, म्हणून मी मोठ्या हौसेने माझा १९११ चा रुपया काढून त्याच्या हातात दिला. त्याने स्लॅब (ग्रेडिंग कंपनी नाणं तपासून, दर्जाचा आकडा देऊन ज्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत घालते ती) ट्यूबलाइटखाली एकदा तिरका केला, लेबल वाचलं आणि म्हणाला, "अरे एयू ५८ कसं दिलं याला? फोड आणि परत पाठव, डोळे झाकून ६२ येतं." एयू म्हणजे जवळजवळ न वापरलेलं, आणि फोड म्हणजे डबी फोडून नाणं पुन्हा ग्रेडिंगला पाठव. झालं. ठेवला टेबलावर. झग्यावरचा हत्तीसुद्धा बघितला नाही हो त्याने! १९११ चा रुपया हातात येतो आणि माणूस हत्ती बघत नाही??

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पंचम जॉर्जच्या या पहिल्या वर्षाच्या रुपयावर राजाच्या झग्यावर जो बारीक हत्ती आहे त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला, बोंब झाली, आणि सरकारला बहुतेक नाणी परत घेऊन वितळवावी लागली. १९१२ पासून सोंड नीट केली. म्हणून हा डुक्करछाप. एक तोळ्याचं, ११.६६ ग्रॅमचं नाणं, आणि त्यातली सगळी मजा त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जनावरात आहे. भिंग लावून बघितलं तर माझ्या नाण्यावर त्याचा पायसुद्धा वेगळा दिसतो.

आणि आपण काय बघतो, तर लेबल.

मी चिडलोय कारण मी हे एकदा करून बसलोय. माझ्याकडे १८६२ ची राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा रुपया) होती, म्हणजे आहे, मामाने दिलेली. पहिल्यांदा ग्रेडिंगला पाठवली तेव्हा एमएस ६२ आली, एमएस म्हणजे चलनात न झिजलेलं. मला तेव्हाही असंच कोणीतरी म्हणालं, ६३ चं नाणं आहे हे, फोड. मी फोडलं. टॉवेलात गुंडाळून स्लॅबचे कोपरे पकडीने दाबले, कट्कन आवाज झाला आणि मला अजून आठवतंय, त्या आवाजाने माझ्याच पोटात गोळा आला होता. परत पाठवलं. दीड-दोन महिने रोज स्टेटस चेक करत होतो. आणि आलं काय? आकडाच नाही. "डिटेल्स, क्लीन्ड." तेच नाणं, तीच कंपनी! पहिल्या वेळी कोणाला दिसल्या नव्हत्या त्या हेअरलाइन्स (घासल्याचे केसाएवढे बारीक ओरखडे) दुसऱ्या वेळी दिसल्या, आणि ६२ ची राणी एका दिवसात "साफ केलेलं नाणं" झाली.

हो, ग्रेडर पण माणसंच आहेत, चुकतात, आज ५८ देतील आणि उद्या ६२ देतील, मान्य. पण मग हेच उलटंही होतं ना? ते फोडा म्हणणारा कोणी सांगत नाही.

आणि मुळात ५८ आणि ६२ मधला फरक तरी समजून घ्या. हा १ ते ७० चा स्केल शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मध्ये काढला तो अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी, आणि काढला तो किमतीचा हिशोब म्हणून, की ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तरपट. आपण तो चांदीच्या रुपयाला लावतो आणि शाळेतल्या मार्कांसारखा वाचतो. ६० आणि त्याच्या वरचं म्हणजे चलनात झिजलेलं नाही एवढंच, मग त्याच्यावर पिशवीत आपटून आपटून कितीही ओरखडे असोत. ५८ म्हणजे किंचित झीज, पण बाकी नाणं कितीतरी वेळा ६१-६२ पेक्षा देखणं असतं. माझं तसंच आहे. दिव्याखाली गोल फिरवलं की लस्टर, म्हणजे टांकसाळीतली मूळची चमक, फिरत जातं, फिरत जातं आणि राजाच्या भुवईपाशी येऊन तुटतं. तिथे एक करडा ठिपका आहे. ती झीजच आहे. मला दिसते, मी रोज बघतो. मग ते ६२ कसं? कोणीतरी कंटाळून ६२ दिलं तरी ती झीज जाणार आहे का?

विकायचं असेल तर गोष्ट वेगळी, भावात फरक पडतो, ठीक आहे. आणि न फोडता डब्यासकट रीग्रेडला देता येतं हेही माहितीये मला. पण मला विकायचं नाहीये!! आणि अजून एक, हे जे फोडून फोडून परत पाठवणारे आहेत ना, ते जुनं लेबल कंपनीला परत करत नाहीत, त्यामुळे एकच नाणं पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये (कोणत्या दर्जाची किती नाणी तपासली त्याची कंपनीची यादी) दोनदा-तीनदा मोजलं जातं, आणि मग नवीन पोरं ते आकडे बघून ठरवतात की नाणं दुर्मिळ आहे की नाही. कोणाच्या जिवावर चाललंय हे सगळं?

असो. आत्ता रात्री दोन्ही नाणी समोर घेऊन बसलोय. राणीछाप तिरकी धरली की त्या हेअरलाइन्स दिसतात, गालावर, सगळ्या एकाच दिशेने. आणि इतक्या वर्षांनी आज एकदम लक्षात आलं, मामाने ते नाणं मला दिलं तेव्हा खिशातून काढून आधी शर्टाला घासलं होतं. दोनदा. "घे, चकचकीत करून देतो" म्हणाला होता. माझ्या डोळ्यासमोर आहे तो हात. मी तेव्हा लेबल बघून कंपनीला शिव्या घातल्या होत्या, पण त्यांना बरोबर दिसलं होतं की. साफ केलेलंच आहे ते.

तर १९११ आहे तसा कपाटात गेला, ५८. मित्राला मेसेज टाकलाय, नाही पाठवत म्हणून.

राणीछाप मात्र उद्या फोडणार आहे. परत कुठेही पाठवायला नाही. मामी रविवारी येतेय, मामा गेल्यापासून तिने ते नाणं बघितलेलं नाही, आणि तिच्या हातात प्लास्टिक द्यायचं नाहीये मला.