शुल्क काढलं की ई-गाडी निम्म्या किमतीत? नाही

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला: ‘100 टक्के आयात शुल्क फक्त टाटा-महिंद्राला वाचवायला आहे. ते काढा, चीनची इलेक्ट्रिक गाडी निम्म्या किमतीत ठाण्यात येईल. कामगारांचं नाव उगाच पुढे करतात.’ मी वागळे इस्टेटमध्ये गाड्यांचे प्रेस पार्ट, म्हणजे पत्रा दाबून केलेले सुटे भाग, बनवतो. म्हणजे यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगतो.

सरसकट 100 टक्के, हेच चूक. 40,000 डॉलरच्या आतल्या तयार गाड्यांवर 2023 मध्ये शुल्क 60 वरून 70 टक्के झालं. 2024 च्या सरकारी योजनेत तर 4,150 कोटी रुपये इथे गुंतवायची हमी देणाऱ्या कंपनीला 15 टक्क्यांत ई-गाड्या आणायची मुभा दिली गेली. पण 35,000 डॉलर आणि त्यावरच्याच.

निम्मी किंमत? युरोपात शुल्क फक्त 10 टक्के होतं तेव्हाही चिनी कंपनी बीवायडीची अट्टो 3 ही ई-गाडी तिथे चीनपेक्षा कितीतरी महाग विकली जात होती. कंपनी बाजार पाहून भाव लावते. आणि आपल्या पार्किंगमधली एमजीची विंडसर ही ई-गाडी मुळात चिनी रचनेचीच, बनते मात्र गुजरातेत, हालोलला. तिच्यावर तयार गाडीचं शुल्क लागतच नाही.

आता कामगार. ई-गाडीला पिस्टन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. वागळेत आणि रबाळ्यात कित्येक गाळे याच मालावर चालतात. हे काम जाणारच आहे, शुल्क असो वा नसो. प्रश्न आहे नव्या कामाकडे वळायला मिळणाऱ्या वेळेचा, आणि तो वेळ शुल्कामुळे मिळतो. नव्या डायला, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याला, लाखो रुपये लागतात, ट्रायल मारून पार्ट पास व्हायला महिने जातात. माझ्याकडे 22 जण आहेत. त्यांतले निम्मे बॅटरीच्या पत्र्याच्या कव्हरचं काम आता कुठे शिकताहेत.

मेसेजमागची एक गोष्ट मात्र खरी आहे: संरक्षण मिळालं की कंपन्या सुस्तावतात. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी गाडी 1964 च्या फियाटच्याच रचनेवर 2000 च्या आसपासपर्यंत निघत राहिली, कारण स्पर्धा उशिरा आली. म्हणून शुल्काला शेवटची तारीख हवी, आणि ती आजच जाहीर व्हायला हवी. तोवर इथे बॅटरीचे सेल बनायला हवेत. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रा बीई 6 मधले सेल अजून बीवायडीचेच आहेत.