'प्रयोगशाळेचं तोंड' आणि गळालेलं शून्य

नमस्कार. बिस्मथ टेल्युराइड (बिस्मथ आणि टेल्युरियमचं संयुग) दाबाखाली अतिवाहक होतं, म्हणजे खूप थंड केल्यावर त्याचा विजेला होणारा रोध शून्यावर येतो, यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली.

तुमचं बरोबर आहे ते आधी सांगून टाकतो. ३ गिगापास्कल म्हणजे सुमारे ३० हजार वातावरणांचा दाब. लेखात मी ३ हजार लिहिलं होतं. शून्य गळलं. दुरुस्त केलंय, आभार.

आता तुमचं ते वाक्य: 'प्रयोगशाळेचं तोंड न पाहिलेल्यांनी अतिवाहकतेवर प्रवचनं झोडू नयेत.' झोडू नयेत! मतभेद असू द्या हो, पण ही बोलायची काय रीत?

डायमंड ॲन्व्हिल सेलवर, म्हणजे हिऱ्यांमध्ये नमुना दाबून प्रचंड दाब देणाऱ्या उपकरणावर, मी चार वर्षं काढली आहेत. दोन हिऱ्यांची टोकं समोरासमोर, मध्ये धातूची गॅस्केट (पातळ चकती), तिच्या बारीकशा भोकात बिस्मथ टेल्युराइडचा कण आणि शेजारी दाब मोजायला माणकाची कणी. लेझर टाकला की माणिक ६९४ नॅनोमीटरला लाल चमकतं. दाब वाढेल तशी ती रेषा पुढे सरकते. रोध मोजायच्या चार तारा सूक्ष्मदर्शकाखाली श्वास रोखून बसवायच्या, आणि सेल आवळताना त्यातली एक गॅस्केटला टेकली की आठवडा पाण्यात. एकदा तर हिराच तडकला. 'टक्', बस. पुढे दोन महिने मला कुणी सेलला हात लावू दिला नाही. तुम्ही ऐकलाय तो आवाज? नसेल तर तोंडाबिंडाची भाषा जरा जपून.

३ केल्विनच्या (सुमारे उणे २७० अंश सेल्सियसच्या) आसपास रोधाचा आलेख कोसळताना मी या डोळ्यांनी पाहिलाय. कुणाच्या प्रमाणपत्राची मला गरज नाही.

राहिले तुमचे बाकीचे आक्षेप. टोपॉलॉजिकल पदार्थ (आतून वीजरोधक, पण पृष्ठभागावरून वीज वाहू देणारा) अतिवाहक झाला म्हणजे ती टोपॉलॉजिकल अतिवाहकता ठरत नाही, दाबाखाली स्फटिकाची रचनाच बदलते, वगैरे. ठाऊक आहे. बिस्मथ सेलेनाइड रचना बदलल्यावर, ११ गिगापास्कलच्या पुढेच अतिवाहक होतं. पण माझा लेख २०११च्या बिस्मथ टेल्युराइडवरच्या कामाबद्दल होता. तिथे ३ ते ६ गिगापास्कलमध्ये मूळ रचना शाबूत असते. मथळ्यात मी 'टोपॉलॉजिकल अतिवाहक सापडला' म्हटलं, हे खरं. मथळा हा मथळा असतो. ज्यांना लेख समजायचा त्यांना समजला.

मायोरानाबद्दलचा (टोपॉलॉजिकल अतिवाहकात अपेक्षित असलेल्या, स्वतःच स्वतःचा प्रतिकण असणाऱ्या कणसदृश अवस्थेबद्दलचा) तुमचा परिच्छेद सवडीने बघेन. आणि पुढच्या वेळी 'एक जाणकार' अशी सही न करता नाव घालून लिहा, म्हणजे कुणाशी बोलतोय ते तरी कळेल.