टिकमार्क मारला म्हणजे इमर्जन्सी कॉल लागतो का?

आज ऑफिसच्या फोन सिस्टीमची आणखी एक कम्प्लायन्स शीट (कुठल्या अटी पूर्ण होतात याची यादी) वाचली. 'इमर्जन्सी कॉल प्रायॉरिटी' या ओळीसमोर 'आहे' आणि बरोबरची खूण. झालं, सुटले! कुठल्या ट्रंकवर (बाहेर जाणाऱ्या लाइनवर), कुठल्या एक्स्टेन्शनला (आतल्या फोनला), सगळे चॅनेल (एका वेळी एकेक कॉल नेणाऱ्या जागा) भरल्यावर काय, याबद्दल अवाक्षर नाही.

२०१३ मध्ये टेक्ससमधल्या हॉटेलच्या खोलीत आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ हा अमेरिकेतला इमर्जन्सी नंबर फिरवला. लागला नाही. बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबायचा, हे त्या पोरीला कोण सांगणार होतं? २०१८ मध्ये तिच्या आईच्या नावाने 'करीज लॉ' हा अमेरिकी कायदा आला: नंबर थेट लागायला हवा आणि फ्रंट डेस्कला तिथल्या तिथे कळायला हवं.

म्हणून प्रीफिक्ससह (आधीच्या त्या ९ सह) आणि प्रीफिक्सशिवाय, इमर्जन्सी नंबरचे दोन्ही पॅटर्न सिस्टीममध्ये टाका आणि ते अर्जंट ठेवा, म्हणजे आकडे जुळताच कॉल जातो. नाहीतर सिस्टीम पुढच्या आकड्याची वाट बघत बसते. काही ठिकाणी तो टायमर मुळातच १५ सेकंदांचा असतो. आउटगोइंग बंद असलेल्या लॉबीतल्या फोनलाही हा पॅटर्न खुला हवा. त्या खोलीतला फोन चालूच होता, अडवलं ते डायल प्लॅनने, म्हणजे कुठला नंबर कसा फिरवायचा याच्या नियमांनी.

आता ट्रंक. ई-१ पीआरआय या डिजिटल लाइनवर बोलायला ३० चॅनेल. एकतिसाव्याला बिझी टोन, मग तो कोणीही असो. एक-दोन चॅनेल राखून ठेवा, नाहीतर प्रीएम्प्शन (महत्त्वाच्या कॉलसाठी कमी महत्त्वाचा कॉल तोडणं) लावा. मान्य, चालू कॉल तोडणं वाईटच. पण बरोबरीच्या दर्जाचा कॉल एमएलपीपी (दर्जा बघून कॉल तोडणारी सोय) तोडत नाही, त्यामुळे एक इमर्जन्सी दुसरीला उडवत नाही. आणि 'डीएससीपी ४६ दिलंय की' म्हणणाऱ्यांनो, त्या खुणेने नेटवर्कमध्ये आवाजाचं पॅकेट पुढे जातं हो, भरलेल्या ट्रंकवर जागा होत नाही! एसआयपीत (इंटरनेटसारख्या नेटवर्कवरून कॉल जोडायच्या पद्धतीत) कॉलचा दर्जा सांगणारा रिसोर्स-प्रायॉरिटी हेडर आहे, पण समोरच्या प्रोव्हायडरने तो मानला तरच उपयोग.

कॉल लागला तरी नंबर कुठला दिसतो? शाखेतला कॉल सेंट्रल ट्रंकवरून जाताना मुख्य ऑफिसचा नंबर गेला, तर ॲम्ब्युलन्स तिकडेच जाणार. उलट फोन आला की रात्री आयव्हीआर (बटणं दाबायला सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज) म्हणणार, 'कार्यालयीन वेळ संपली आहे'. त्या मुलीसारखं कुणी पलीकडे असेल, तर ते बटणं दाबत बसेल?

तपासणं अवघड नाही. इमर्जन्सी कॉलच्याच रूटवर एक टेस्ट नंबर बांधा, सगळे चॅनेल भरा, सगळ्यात जास्त बंधनं असलेल्या एक्स्टेन्शनवरून फिरवा. फोनला नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा पीओई स्विच यूपीएसवर आहे का, तेही बघा. खरा नंबर फिरवायचाच असेल तर कंट्रोल रूमला आधी कळवा, आणि चुकून लागलाच तर फोन आपटू नका. चुकून लागला, असं सांगून मगच ठेवा.