बुडाला ताजा काळा रंग दिसला की माझं डोकंच फिरतं

पुन्हा तेच! वापरलेला कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकायला काढलाय, फोटोत गाद्या, पडदे, ओटा सगळं लखलखीत, आणि खाली वाकून बघावं तर बुडाला डांबरी अंडरकोटिंगचा ताजा थर. बोट लावलं तर काळं होतंय. स्प्रेचे शिंतोडे स्प्रिंगच्या पानांवर, टायरच्या आतल्या बाजूवर, गॅसच्या नळीवर, वायरींच्या जुडग्यावर. म्हणजे साधा कागद लावून झाकायचीही तसदी घेतलेली नाही. विचारलं तर उत्तर तयार: "गंज लागू नये म्हणून काळजी घेतली." इतकी वर्षं उघड्यावर उभा होता तेव्हा नाही सुचली ही काळजी, विकायच्या आठवड्यातच सुचली!

कोरड्या, निरोगी लाकडावर असा थर द्यायला कुणाची हरकत नाही. पण ओल खालून येते असं समजून हे लोक खालून लेप थापतात. पाणी बहुतेक वेळा वरून येतं. छताचा सांधा, खिडकीची कड, कोपऱ्याची पट्टी यांतून ते भिंतीच्या आतून उतरतं आणि भिंत जिथे फरशीच्या प्लायवूडवर टेकते तिथे साचतं. खालून हवा लागून जे थोडंफार वाळलं असतं, तेही या डांबराने बंद केलं. ओल आत कोंडली, लाकूड कुजत राहिलं आणि बाहेरून सगळं काळंभोर, एकसारखं, नव्यासारखं.

म्हणून थर खरवडायचाच. मागचे दोन्ही कोपरे, चाकांच्या कमानींमागचा भाग, दाराच्या पायरीच्या वरची जागा, संडास-मोरीच्या खालचा भाग आणि जिथे जिथे नळी फरशीतून खाली येते ती भोकं. प्रत्येक ठिकाणी नाण्याएवढं खरवडा आणि टोच्या टेकवा. चांगलं प्लायवूड टोच्याला दाद देत नाही, आणि कपचा निघालाच तर लांब, चिवट निघतो. कुजलेल्यात टोच्या लोण्यात शिरल्यासारखा जातो, बाहेर काढला की टोकाला तपकिरी ओला भुसा चिकटलेला असतो आणि तुकडा बोटात मोडतो. पापुद्रे सुटलेत का, कडा फुगलीय का, तेही बघा. ओएसबीची, म्हणजे लाकडाच्या कपच्या दाबून केलेल्या फळीची, कड एकदा फुगली की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही, त्यामुळे तिथे लपवाछपवी चालत नाही.

आणि ते ओल मोजायचं मीटर घेऊन फुशारकी मारणारे! पिना खुपसल्या, बारा टक्के दिसले, "कोरडा आहे" म्हणून मोकळे. अरे, मीटर आजचं पाणी सांगतं, गेल्या पाच पावसाळ्यांत काय कुजलं ते नाही सांगत. कोरड्या महिन्यात कुजकं लाकूडही कोरडंच असतं. वीस टक्क्यांच्या वर आकडा गेला तर धोका नक्की, पण खाली आला म्हणून टोच्या खिशात ठेवायचा नसतो. शिवाय पिना चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, लोखंडाला किंवा स्क्रूला टेकल्या की आकडा भलताच येतो.

फरशी चासीला जोडणारे बोल्ट बघायला तर कुणाला वेळच नसतो. वॉशर लाकडात रुतलाय, नट हाताने फिरतोय, स्क्रूच्या डोक्याखालून गंजाचा ओघळ उतरलाय: हे दिसलं की वरून पाणी झिरपलंय हे समजा. बुडाखाली प्लॅस्टिकचा पत्रा असेल तर कुठे पोट सुटलंय ते हाताने वर दाबून बघा. आत पाणी साचलं असेल तर डुचमळतं. पत्र्यावरचं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता-थंडी अडवणारा थर, स्पंजासारखं पाणी धरून बसतं आणि लाकडाला टेकून राहतं. त्या पत्र्याचे चार स्क्रू काढू द्या म्हटलं की मालकाचं तोंड वाकडं होतं!

पाण्याची टाकी भरून पंप चालू करा, सगळे नळ बंद. पंप दाब भरून गप्प बसला पाहिजे. थोड्या थोड्या वेळाने आपोआप घरघरत असेल तर कुठेतरी गळतंय, नाहीतर पंपाचा व्हॉल्व्ह गेलाय. टाकी भरलेली ठेवून तासाभराने पुन्हा खाली बघा.

आणि कृपा करून नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. सपाट, कडक जमीन, दोन्ही बाजूंच्या चाकांना अडण्या, चासीखाली स्टँड. कोपऱ्यांचे आधाराचे पाय ट्रेलर उचलायला नसतात, तो डोलू नये म्हणून असतात. हे किती वेळा सांगायचं?

एवढा संताप का, विचारतात. कारण फरशीची कड कुजली तर तेवढी फळी काढून नवी ठोकता येत नाही. भिंत त्याच कडेवर उभी असते. भिंत पेलायची, आतली कपाटं काढायची, बोल्ट कापायचे, कुजकं लाकूड निरोगी लाकूड लागेपर्यंत मागे मागे कापत जायचं, आणि छताचा सांधा नीट केला नाही तर पुढच्या पावसात पुन्हा तेच. आणि हे सगळं दडवायला त्या माणसाला लागतो एक स्प्रेचा डबा.