स्टुडिओ सोडला कुठे?

अमेरिकन सॅक्सोफोनवादक डेव्हिड सॅनबॉर्नवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘डेव्हिड सॅनबॉर्नने स्टुडिओतली वादकाची नोकरी सोडून एकल कारकीर्द सुरू केली’ हे वाक्य खटकलं. सोडली कुठे? ‘टेकिंग ऑफ’ हा त्याचा पहिला स्वतःचा अल्बम १९७५ चा. त्याच वर्षी डेव्हिड बोवीच्या ‘यंग अमेरिकन्स’मध्ये आणि जेम्स टेलरच्या ‘हाउ स्वीट इट इज’मध्ये त्याचा अल्टो सॅक्सोफोन वाजतोय. स्वतःचे अल्बम आणि दुसऱ्यांसाठी स्टुडिओत वाजवणं, ही दोन्ही कामं पुढे बरीच वर्षं बरोबरीनेच चालली.

माझ्या मते त्याचं एकल यश या स्टुडिओच्या कामातूनच आलं. दुसऱ्याच्या गाण्यात आठ-दहा मात्रांची जागा मिळते, तेवढ्यात ऐकणाऱ्याचा कान पकडायचा. त्याचा तो वरच्या पट्टीतला, जरा फाटल्यासारखा, हाक मारणारा स्वर त्या शिस्तीत घासून निघालाय. त्या स्वराचं मूळ अर्थात गायक रे चार्ल्सच्या बँडमधला सॅक्सोफोनवादक हँक क्रॉफर्ड.

लहानपणी पोलिओ झाला म्हणून फुप्फुसांच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी वाद्य फुंकायला सांगितलं, हे लेखात एका ओळीत उरकलंय. तिथे थोडं थांबायला हवं होतं!

आणि लेखात त्याला ‘स्मूद जॅझचा’, म्हणजे गुळगुळीत, सहज कानावर पडणाऱ्या जॅझचा ‘बादशहा’ म्हटलंय ते? हे लेबल त्याला स्वतःलाच आवडत नसे. १९९१ चा ‘अनदर हँड’ ऐका, बासवादक चार्ली हेडन आणि गिटारवादक बिल फ्रिझेल सोबत आहेत. गाडीत मागे चालू ठेवायचं संगीत नाही ते.

बाकी, हिंदी चित्रपटसंगीतातले सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग यांच्यावरही असाच सविस्तर लेख येऊ द्या.